मुरुड तर सापडले, पण कोणते? एक्सएमएल फाइलमध्ये घटकाचा पालक शोधताना

मुरुड नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. एक आपले, रायगडच्या किनाऱ्यावरचे, जंजिऱ्याशेजारचे तालुक्याचे ठिकाण. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. तिसरे लातूर जिल्ह्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. नागाव अलिबाग तालुक्यात आहे आणि उरण तालुक्यातही आहे. जिल्ह्याच्या नावाचीही तीच गत. हिंदी मजकुरात आपला रायगड आणि छत्तीसगडचा रायगढ अनेकदा एकाच पद्धतीने लिहिले जातात. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत तर दोघांचे स्पेलिंगही एकच आहे. तिथे आपला जिल्हा ओळखायचा तो संकेतांकावरून, ५२०.

माणूस वाचतो तेव्हा नुसते गावाचे नाव वाचत नाही. वरचा मथळा, जिल्हा, तारीख हे सगळे त्याच्या नजरेत असते. संगणकाला फाइलमध्ये 'मुरुड' शोधायला सांगितले, तर तो तेवढाच शब्द काढून हातात ठेवतो. तो शब्द कोणत्या जिल्ह्याखाली होता, कोणत्या इशाऱ्यात होता, हे त्याला वेगळे विचारावे लागते. एक्सएमएल फाइलमध्ये माहिती एकात एक ठेवलेल्या घटकांत असते; घटक ज्याच्या पोटात असतो तो त्याचा पालक. तिथे असे विचारणे म्हणजे घटकाचा पालक शोधणे. ते कसे करायचे, आणि करताना कुठे फसगत होते, हे या लेखात सांगतो. ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक, मच्छीमार सोसायटीचे काम पाहणारी तरुण मंडळी आणि लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या ठिकाणी शिकणारे विद्यार्थी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. उदाहरण घेतो ते हवामानाच्या इशाऱ्यांचे, कारण आपल्या किनाऱ्यावर ते सगळ्यात निकडीचे आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज आणि मोबाइल बरेच दिवस बंद राहिले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ याच किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेले. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी पाण्यात घालायची नाही, हे कोळीवाड्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बावटा अजूनही लागतो. पण आता त्याच्या बरोबरीने, बहुधा त्याच्या आधीच, इशारा एका फाइलच्या रूपात निघतो. त्या फाइलच्या साच्याचे नाव कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, संक्षेपाने कॅप. त्याची १.२ ही आवृत्ती ओएसिस या मानक संस्थेने जुलै २०१० मध्ये मंजूर केली. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' ही यंत्रणा, जी सी-डॉटने विकसित केली, याच साच्यावर उभी आहे.

कॅपचा साचा एक्सएमएलचा असतो आणि तो पायऱ्यापायऱ्यांचा आहे. सगळ्यात वर 'अलर्ट' हा घटक. त्याच्या पोटात इशाऱ्याची ओळख, पाठवणारा, पाठवल्याची वेळ, आणि दोन फार महत्त्वाच्या गोष्टी: हा इशारा खरा आहे, सराव आहे की चाचणी आहे; आणि हा नवा इशारा आहे, आधीच्यात बदल आहे की आधीचा रद्द केला आहे. त्याखाली 'इन्फो' हा घटक, एक किंवा अनेक, क्वचित एकही नाही. त्यात भाषा, घटना, तातडी, तीव्रता, खात्री, मुदत, सूचना. 'इन्फो'च्या पोटात 'एरिया', म्हणजे परिसर, तोही बहुधा एक किंवा अनेक. आणि त्या परिसराच्या पोटात परिसराचे वर्णन, सीमारेषेचे बिंदू, संकेतांक. गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव अशा सगळ्यात खालच्या पायरीवर असते. त्या नावाला जी तीव्रता लागू आहे ती एक पायरी वर असते आणि इशारा खरा की सराव हे त्याच्याही वर. म्हणजे तुम्ही ज्या टोकाला पकडून शोध सुरू करता त्या टोकाला तुम्हाला हवी असलेली एकही गोष्ट नसते.

हे कागदावर दिसावे म्हणून साचा सोपा करून एक छोटा नमुना मांडतो. यातला मजकूर काल्पनिक आहे.

```
<इशारे>
  <इशारा>
    <स्थिती>प्रत्यक्ष</स्थिती>
    <माहिती>
      <घटना>मुसळधार पाऊस</घटना>
      <तीव्रता>गंभीर</तीव्रता>
      <परिसर>
        <परिसरनाव>मुरुड</परिसरनाव>
        <जिल्हा>रायगड</जिल्हा>
      </परिसर>
      <परिसर>
        <परिसरनाव>श्रीवर्धन</परिसरनाव>
        <जिल्हा>रायगड</जिल्हा>
      </परिसर>
    </माहिती>
    <माहिती>
      <घटना>मुसळधार पाऊस</घटना>
      <तीव्रता>मध्यम</तीव्रता>
      <परिसर>
        <परिसरनाव>मुरुड</परिसरनाव>
        <जिल्हा>लातूर</जिल्हा>
      </परिसर>
    </माहिती>
  </इशारा>
  <इशारा>
    <स्थिती>सराव</स्थिती>
    <माहिती>
      <घटना>त्सुनामी</घटना>
      <तीव्रता>अतितीव्र</तीव्रता>
      <परिसर>
        <परिसरनाव>मुरुड</परिसरनाव>
        <जिल्हा>रायगड</जिल्हा>
      </परिसर>
    </माहिती>
  </इशारा>
</इशारे>
```

घटकांची नावे मराठीत ठेवली आहेत. एक्सएमएलला ते चालते. १९९८ साली निघालेल्या पहिल्या मानकापासूनच घटकाला देवनागरी नाव देता येते, आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली तर माथ्यावरची घोषणेची ओळही सक्तीची नाही. त्यामुळे हा नमुना जसाच्या तसा टंकून घ्या आणि पुढचे प्रश्न त्यावर चालवून पाहा. खऱ्या कॅप फाइलमध्ये घटकांची नावे रोमन अक्षरांत असतात, एवढे ध्यानात ठेवा.

प्रश्न विचारण्याची भाषा एक्सपाथ. तिचे पहिले मानक नोव्हेंबर १९९९ चे, आणि आजही बहुतेक साधने तेच पाळतात. मुरुड शोधायचे असेल तर:

```
//परिसरनाव[.='मुरुड']
```

दोन तिरक्या रेघांचा अर्थ, फाइलमध्ये कुठेही. चौकटी कंसातला ठिपका म्हणजे तो घटक स्वतः. उत्तर येते: तीन घटक, तिन्हींत मुरुड. या उत्तराचा कुणाला काही उपयोग नाही. आता पालक विचारा:

```
//परिसरनाव[.='मुरुड']/..
```

शेवटचे दोन ठिपके म्हणजे एक पायरी वर. फोल्डरमधून बाहेर पडायला वापरतात तेच हे चिन्ह. आता तीन 'परिसर' हाती येतात आणि प्रत्येकाबरोबर त्याचा जिल्हा. आणखी एक पायरी वर चढून तिथून तीव्रता मागितली की:

```
//परिसरनाव[.='मुरुड']/../../तीव्रता
```

गंभीर, मध्यम, अतितीव्र. तीन उत्तरे, आणि मुरुडच्या बंदरावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांपैकी एकच लागू आहे. लातूरचे वगळायचे तर परिसरावर दोन्ही अटी घाला:

```
//परिसर[परिसरनाव='मुरुड'][जिल्हा='रायगड']/../तीव्रता
```

आता गंभीर आणि अतितीव्र राहिले. यातले अतितीव्र हे त्सुनामीच्या सरावाचे आहे. असे सराव खरोखर होतात. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था हिंद महासागरातल्या देशांबरोबर 'आयओवेव्ह' नावाच्या त्सुनामी सरावांत भाग घेते, आणि सरावात संदेशांचा साचा खऱ्या संदेशांसारखाच ठेवावा लागतो, नाहीतर सराव कशाचा? तो सराव आहे हे सांगणारा घटक मात्र गावाच्या नावापासून तीन पायऱ्या वर चढल्यावर भेटतो. ज्याने दोनच पायऱ्या चढून काम संपवले तो गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्सुनामीचा अतितीव्र इशारा टाकून बसेल.

म्हणून माझा सल्ला असा की खालून वर चढण्यापेक्षा वरून खाली अटी घालत या. प्रश्न उलटा करा. 'मुरुडचा पालक कोण' असे न विचारता 'ज्याच्या पोटात रायगडचे मुरुड आहे असा पालक द्या' असे विचारा:

```
//इशारा[स्थिती='प्रत्यक्ष']/माहिती[परिसर[परिसरनाव='मुरुड'][जिल्हा='रायगड']]/तीव्रता
```

उत्तर एकच: गंभीर. चौकटी कंसातल्या अटीने खाली डोकावायचे, पण उभे राहायचे वरच्याच घटकावर, ही यातली युक्ती. दोन ठिपके मोजत बसावे लागत नाहीत, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी वाचले तरी प्रश्न काय आहे ते कळते.

या प्रश्नात कंसाच्या आत कंस आहे, तो उगाच नाही. पुष्कळ जण तो टाळायला असे लिहितात:

```
//माहिती[परिसर/परिसरनाव='मुरुड'][परिसर/जिल्हा='रायगड']
```

वरच्या नमुन्यावर हे बरोबर चालते, म्हणूनच धोक्याचे आहे. समजा एखाद्या दिवशी लातूरचे मुरुड आणि रायगडचे अलिबाग एकाच 'माहिती'खाली आले. पहिली अट लातूरच्या परिसराने पुरी होईल, दुसरी अलिबागच्या. दोन्ही अटी खऱ्या, आणि तरीही रायगडच्या मुरुडचा तिथे पत्ता नसेल. अटी एकाच परिसराला लागू व्हायला हव्या असतील तर त्या त्या परिसराच्या कंसातच बसवायला हव्यात. इथली चूक महिनोन्महिने लपून राहते, म्हणून यावर जरा थांबून स्वतः नमुन्यात बदल करून खात्री करून घ्या.

दोन ठिपक्यांच्या बाबतीत आणखी काही नियम पक्के करावेत. एक्सपाथ १.० मध्ये दोन ठिपक्यांना लागून अट घालता येत नाही, `..[ ]` असे लिहिले तर बरीच साधने व्याकरणाची चूक दाखवतात. तिथे पूर्ण रूप वापरायचे: 'पॅरेंट' हा अक्ष, मग दोन अपूर्णविराम, मग घटकाचे नाव, मग अट. अक्षांची आणि फंक्शनांची नावे संगणकाला रोमन लिपीतच द्यावी लागतात. इथे मी ती उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. पूर्ण रूपाचा दुसराही फायदा असा की पालकाचे नाव तुम्ही सांगता. पालक दुसराच कुणी निघाला तर उत्तर कोरे येते, चुकीचे येत नाही.

किती पायऱ्या वर जायचे हे नक्की नसेल तर 'अॅन्सेस्टर' अक्ष घ्या. तो सगळे पूर्वज देतो: पालक, पालकाचा पालक, पार मुळापर्यंत. नावासह वापरला की मधे एखादी पायरी वाढली तरी प्रश्न मोडत नाही. फक्त त्याची मोजणी उलटी असते. या अक्षाला लागूनच चौकटी कंसात एक लिहिला तर सगळ्यात जवळचा पूर्वज, म्हणजे पालक मिळतो. पण तोच प्रश्न आधी गोल कंसात घालून मग चौकटी कंसात एक लिहिला तर फाइलच्या क्रमाने पहिला, म्हणजे सगळ्यात वरचा मिळतो. एका गोल कंसाने उत्तर एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाते.

मोजणी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नमुन्यात 'परिसरनाव' चार आहेत, पण

```
//परिसरनाव/../..
```

याचे उत्तर तीनच 'माहिती' घटक येते. मुरुड आणि श्रीवर्धन यांचा पालकाचा पालक एकच आहे आणि उत्तराच्या संचात तो एकदाच धरला जातो. 'किती गावांना इशारा आहे' आणि 'किती इशारे आहेत' हे वेगळे प्रश्न आहेत. अहवालाच्या तक्त्यात ते एकाच रकान्यात भरू नका. मुळाच्या वरही एक अदृश्य पायरी असते, ती म्हणजे खुद्द दस्तऐवज. `/इशारे/..` विचारले तर चूक येत नाही, दस्तऐवज मिळतो. पण तो घटक नव्हे, त्याला नाव नसते. गुणधर्मांचेही असेच एक वेगळेपण आहे. घटकाच्या चिन्हात लिहिलेल्या गुणधर्माचा पालक तो घटक असतो, पण गुणधर्म त्या घटकाचे अपत्य मानले जात नाही. म्हणून गुणधर्मावरून दोन ठिपक्यांनी वर जाता येते, पण घटकाची अपत्ये मागितली तर त्यांत गुणधर्म येत नाहीत.

आता मजकुराकडे. बरोबर-चिन्हाने केलेली तुलना अक्षराला अक्षर जुळवते. खऱ्या इशाऱ्यांत परिसराच्या वर्णनात एकच नाव असेल याची हमी नाही. स्वल्पविराम देऊन चार जिल्हे एकाच ओळीत लिहिलेले असू शकतात. मागेपुढे जागा किंवा नवी ओळ असली तरी तुलना फसते. त्यावर 'नॉर्मलाइझ-स्पेस' हे फंक्शन आहे. नाव कुठेतरी आत असेल तर 'कन्टेन्स' वापरतात, आणि इथे नवखे हमखास फसतात. घटकाचे नाव न देता तारका घालून, ठिपक्यावर 'कन्टेन्स' लावून रायगड शोधला, तर 'जिल्हा' हा घटकच नव्हे, त्याचा परिसर, त्याची माहिती, तो अख्खा इशारा आणि मूळ घटक असे सगळेच हाती येतात. कारण घटकाचा मजकूर म्हणजे त्याच्या पोटातल्या सगळ्या पोटघटकांचा मजकूर एकत्र. त्यावर आणखी दोन ठिपके लावले तर पालकांची अशी सरमिसळ होते की त्यातून काही शोधता येत नाही. 'कन्टेन्स' नेहमी नेमक्या घटकावर लावा.

देवनागरीची स्वतःची एक अडचण आहे. मुरुड आणि मुरूड अशी दोन्ही लेखने चालू आहेत. हिंदी मजकुरातला 'ढ़' एकाच चिन्हाने लिहिता येतो किंवा 'ढ' आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत जुळत नाहीत. एक्सपाथ ते आपणहून एकसारखे करत नाही. तुलनेआधी मजकूर आणि शोधशब्द दोन्ही युनिकोडच्या एकाच रूपात आणून घ्यावेत. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत त्यासाठी तयार सोय असते. आणि जिथे संकेतांक दिलेला असेल तिथे नावावर विसंबूच नका. कॅपमध्ये परिसराच्या पोटात संकेतांकासाठी वेगळा घटक आहे. संकेतांक शोधा, पालकाकडे चढा. समुद्रात असलेल्या होडीला तर गावाचे नावच नसते. तिथे सीमारेषेच्या बिंदूंवरून परिसर ठरवावा लागतो आणि मग त्या परिसराच्या पालकाकडे जावे लागते. कॅपमध्ये प्रत्येक बिंदूचा अक्षांश आधी आणि रेखांश नंतर असतो. गूगल अर्थच्या केएमएल फाइलमध्ये हा क्रम नेमका उलटा आहे. दोन्ही फाइली एकत्र वापरणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावे.

पालकाकडे गेल्यावर मुदत तपासायला विसरू नका. ती तीव्रतेचे भावंड असते, त्याच 'इन्फो'च्या पोटात, आणि वेळेसोबत प्रमाणवेळेचा फरकही असतो. आपला अधिक साडेपाच तासांचा. एक्सपाथ १.० ला तारखांची तुलना येत नाही, लहान-मोठे विचारले तर तो मजकुराचा आकडा करू पाहतो आणि अट मुकाट खोटी ठरते. मुदत बाहेर काढून प्रोग्राममध्येच तपासा.

साधनांपैकी पायथॉन बहुतेकांच्या हाताशी असते, म्हणून त्याचे सांगतो. पायथॉनसोबत येणाऱ्या 'एलिमेंटट्री'मध्ये घटकाला आपला पालक ठाऊक नसतो. मुळापासून सुरुवात करून, प्रश्नाच्या आरंभी एक ठिपका घालून वर चढलात तर चालते:

```
.//परिसर[परिसरनाव='मुरुड'][जिल्हा='रायगड']/..
```

पण एखादा परिसर हातात घेऊन त्याच्यावरूनच दोन ठिपके विचारलेत तर उत्तर 'नन' येते, कारण जिथून प्रश्न विचारला त्याच्या वर ते जाऊ शकत नाही. कंसातला कंसही त्याला झेपत नाही. यावर उपाय म्हणजे फाइल वाचल्यावर एकदाच सगळ्या घटकांवरून फिरून 'अपत्याला पालक' अशी नोंदवही, म्हणजे डिक्शनरी, तयार करणे. ती एका ओळीत होते. त्यापेक्षा 'एलएक्सएमएल' हे वेगळे ग्रंथालय बसवून घेणे मला जास्त पटते. त्यात प्रत्येक घटकाला 'गेटपॅरेंट' विचारता येते, आणि एक्सपाथ १.० पूर्ण चालते. ब्राउझरमध्ये काम करत असाल तर 'पॅरेंटनोड' आहे. गुणधर्मासाठी मात्र तिथे 'ओनरएलिमेंट' वापरावे लागते.

फाइल फार मोठी असेल तर ती पूर्ण स्मृतीत घेणे परवडत नाही. ओपनस्ट्रीटमॅपमधून कोकणपट्टीचा नकाशा उतरवला की ही अडचण येते. तिथे घटक येत जातील तसे वाचायचे आणि उघडलेल्या घटकांची चळत स्वतः सांभाळायची: घटक उघडला की चळतीवर ठेवा, बंद झाला की काढा. कोणत्याही क्षणी चळतीच्या माथ्याखालचा जो, तोच पालक. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये गावाचे नाव हे बिंदूच्या पोटातल्या 'टॅग' या घटकाचा गुणधर्म असते. म्हणून 'कोर्लई' हे गाव शोधून पालकाकडे गेल्यावरच अक्षांश-रेखांश मिळतात. त्या नकाशात दुसरे एक नातेही आहे, जे पालक-अपत्याचे नाही. रस्त्याच्या पोटात त्याच्या बिंदूंचे फक्त क्रमांक असतात; खरे बिंदू फाइलमध्ये दुसरीकडे, रस्त्याच्या बरोबरीच्या पायरीवर असतात. बिंदूचा पालक विचारला तर रस्ता कधीच मिळणार नाही. तिथे क्रमांक जुळवूनच रस्ता शोधावा लागतो. काही विचारायच्या आधी फाइल उघडून डोळ्यांनी पाहा: हे नाते पोटात ठेवलेले आहे की क्रमांकाने जोडलेले?

शेवटी सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण, नेमस्पेसची, म्हणजे घटकांची नावे कोणत्या संचातली आहेत हे सांगणाऱ्या खुणेची. खऱ्या कॅप फाइलच्या मूळ घटकावर एक नेमस्पेस जाहीर केलेली असते आणि आतले सगळे घटक आपोआप तिच्या ताब्यात जातात. एक्सपाथ १.० मध्ये उपसर्गाशिवाय लिहिलेल्या नावाचा अर्थ 'नेमस्पेस नसलेला घटक' असा होतो. म्हणजे फाइलमध्ये डोळ्यांना 'एरिया' लख्ख दिसत असते, प्रश्नात नाव बरोबर असते, आणि उत्तर कोरे येते. चूक दाखवली जात नाही. साधनाला ती नेमस्पेस एखाद्या उपसर्गाने ओळखून द्यायची आणि प्रश्नातल्या प्रत्येक नावाआधी तो उपसर्ग लावायचा, पालकाच्या नावाआधीही. तारका लावून नेमस्पेस चुकवता येते, पण तो मार्ग फक्त फाइल चाचपून पाहण्यापुरता ठेवा.

नेमस्पेस चुकली किंवा लेखन वेगळे निघाले, तरी उत्तर कोरेच येते. आणि आज खरोखर इशारा नाही तेव्हाही ते कोरेच येते. गावाच्या फलकावर किंवा सोसायटीच्या मोबाइलवर या दोन्ही कोऱ्या उत्तरांना 'धोका नाही' असे भाषांतरित करणारा प्रोग्राम किनाऱ्यावर चालवू नये. प्रत्येक वेळी आधी मूळ घटक मिळतो का ते तपासा. मग 'इन्फो' किती आहेत ते मोजा. ते शून्य निघाले तर, रद्द केलेल्या इशाऱ्याखेरीज, फलकावर 'माहिती मिळाली नाही, बंदर कार्यालयाशी संपर्क साधा' असे लिहू द्या. रद्द झालेला इशारा असेल तर ते त्याच 'अलर्ट'मध्ये लिहिलेले असते, आणि त्याने कोणता जुना इशारा मागे घेतला हेही. 'इन्फो' मिळाले आणि त्यांत आपला परिसर नसला, तरच 'सध्या इशारा नाही' म्हणा, आणि त्याखाली फाइल कोणत्या वेळेची आहे ते छापा. ही वेळही 'अलर्ट'च्याच पायरीवर असते.

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, वरच्या नमुन्यात चार-पाच फेरफार करून प्रोग्राम एकदा तपासून घ्या: लातूरचे मुरुड आणि रायगडचे अलिबाग एकाच 'माहिती'त टाका, एका नावामागे मोकळी जागा सोडा, 'सराव' आणि 'प्रत्यक्ष' यांची अदलाबदल करा, मुदतीचा घटक घालून त्यात कालची वेळ लिहा, मूळ घटकाला नेमस्पेस द्या. यांपैकी ज्या फेरफाराला प्रोग्राम चुकीचे उत्तर देईल तिथला प्रश्न पुन्हा लिहा, आणि तपासणीचे हे नमुने प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी काम पाहणाऱ्याला ते नव्याने रचावे लागणार नाहीत.